दीड मिलिमीटर

देवनागरी लिपी चहाडखोर आहे. रोमन अक्षरं लाकडात कोरली आणि त्यातलं एखादं जरा जास्त खोल गेलं, तर ते चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. तिथं प्रत्येक अक्षर आपापल्या जागी सुटं उभं असतं. आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यावरून एकच रेषा जाते. ती पहिल्या अक्षरावर तीन मिलिमीटर रुंद आणि चौथ्यावर चार झाली, की दारात आलेला पोस्टमनसुद्धा विचारील, “पाटी वाकडी बसवलीय का हो?” पाटी सरळच असते. खोली चुकलेली असते.

भाषाविज्ञानाच्या तासाला शिरोरेषेचा उल्लेख झाला तेव्हा मी तो इमानानं वहीत उतरवून घेतला होता. पण ती समजली मात्र आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, २०२४ च्या पावसाळ्यात, दादानं घरी बनवलेल्या सीएनसी यंत्रापाशी.

आमचं घर सुताराचं. आबा तीस वर्षं पटाशीनं दारावरच्या पाट्या कोरत आले. आता त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आहे आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. दादा आयटीआय करून गोकुळ शिरगावच्या वसाहतीत एका कारखान्यात चार वर्षं यंत्रावर होता. तिथलं यंत्र पाहून त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं. पतसंस्थेचं कर्ज काढून, ॲल्युमिनियमचे चौकोनी बार, सरकत्या पट्ट्या, मोटारी असं एकेक जमवून त्यानं सहा महिन्यांत ते उभं केलं. कोल्हापुरातल्या एका वसाहतीच्या ३६ पाट्यांचं काम मिळालं होतं, सागवानी, दिवाळीच्या आत द्यायचं. आणि दादानं आईला शब्द दिला होता, दिवाळीपर्यंत यंत्र सरळ चाललं नाही तर ते विकून पुन्हा कारखान्यात जाईन. पहिल्या पाच पाट्या वाया गेल्या तेव्हा सागवानाचा भाव आमच्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ झाला होता.

यंत्र कसं चालतं ते थोडक्यात सांगते. एक पाट, त्यावर आडवी कमान. कमान पुढेमागे सरकते, कमानीवरचा गाडा डावी-उजवीकडे सरकतो, आणि गाड्यावर बांधलेला ट्रिमर वरखाली होतो. हा ट्रिमर म्हणजे सुतारांकडे असतो तोच, हातानं धरून फळीच्या कडा मारायचा. त्याच्या तोंडात टोकदार बिट. आमच्या बिटाचं टोक नव्वद अंशांचं आहे, म्हणून ते लाकडात जितकं खोल जातं त्याच्या बरोबर दुप्पट रुंद रेघ पडते. तीन मिलिमीटर रुंद शिरोरेषा हवी तर दीड मिलिमीटर खोल जायचं. दीड मिलिमीटर म्हणजे आबांच्या भाषेत जवळजवळ अर्धा सूत. त्यात पाव मिलिमीटर चुकलं की रेषेत अर्धा मिलिमीटर चुकतो. खोलीतली प्रत्येक चूक लिपी दुप्पट करून दाखवते, हा या धंद्यातला पहिला धडा.

दुसरा धडा ‘ध’नं शिकवला. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावर रेषा तुटते. तेवढ्या फटीमुळे ते ‘म’ आणि ‘घ’ यांच्यापासून वेगळे राहतात. ‘साधना’ नावाच्या बंगल्याची पाटी होती. बिट अर्धा मिलिमीटर जास्त उतरलं, रेघा एक मिलिमीटर फुगल्या, फट बुजली आणि ‘साघना’ तयार झालं. दादानं ती पाटी उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली आणि त्या दिवशी तो जेवायला फार उशिरा आला.

माझा संबंध आला तो वहीपुरता. घरात इंग्रजी वाचून अर्थ लावणारी मी एकटी, तेव्हा यंत्राच्या प्रणालीची माहिती वाचून सांगणं आणि मापं लिहून ठेवणं माझ्याकडे आलं. ही प्रणाली, जीआरबीएल तिचं नाव, एका नॉर्वेजियन माणसानं २००९ मध्ये लिहून सर्वांना मोफत देऊन टाकली, आणि हाताच्या पंज्याएवढ्या आर्डुइनो पट्टीवर ती चालते. आकड्यांनी हत्यार चालवायची कल्पना मात्र बरीच जुनी. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. त्या पात्यांच्या वक्र आकाराचा माग काढता काढता ही कल्पना पुढे आली, आणि १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत छिद्रं पाडलेल्या पट्टीवर चालणारं कातकामाचं यंत्र लोकांना दाखवलं गेलं. तेव्हा त्याच्या नियंत्रणाला मोठमोठी कपाटं लागत. आमचं सगळं बिस्किटाच्या डब्यात मावतं.

वाचताना मला एक शब्द फार आवडला. या मोटारी ‘पावलं’ टाकतात. एका फेऱ्यात २०० पावलं. त्या प्रत्येकाचे आणखी १६ तुकडे करता येतात, म्हणजे ३२०० बारीक पावलं. वरखाली नेणारा स्क्रू एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवतो. म्हणून एका मिलिमीटरला ४०० पावलं. एक पाऊल म्हणजे अडीच मायक्रॉन! इतकं बारीक चालणारं यंत्र अर्धा मिलिमीटर कसं चुकतं?

त्याचं उत्तर असं की, ते चालतं पण बघत नाही. दृष्टी नसलेला माणूस ओट्यापासून आडापर्यंत बारा पावलं मोजून जातो. मध्येच पाय घसरला तरी त्याच्या हिशेबी बाराच होतात. यंत्राचं तेच. आपण ४०० पावलं टाकायचा हुकूम दिला एवढंच त्याला ठाऊक. पावलं खरोखर पडली का, जमीन जिथल्या तिथं होती का, हे ते कुणाला विचारत नाही. कारखान्यांतल्या महागड्या यंत्रांना हे कळावं म्हणून वेगळी सोय असते. आमच्या यंत्राच्या वतीनं बघायचं काम आम्हालाच करावं लागणार होतं.

त्यासाठी डायल गेज हवा होता. दादानं तो उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या टर्नरकाकांकडून उसना आणला. एस.टी.त मांडीवर, धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून. मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारा काटा मी पहिल्यांदाच पाहत होते. टेबलावर नुसता हात टेकला तरी तो हलायचा. आबा म्हणाले, “एवढं नाजूक असलं तर मोजायचं कसं? हे तर माझ्यागत थरथरतंय.”

पहिल्यांदा आम्ही पावलांचाच हिशेब तपासला. ट्रिमर १० मिलिमीटर वर न्यायचा हुकूम दिला, डायलनं १०.०० दाखवलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. तेव्हा आकड्यांत खोट नव्हती. दादाला हायसं वाटायला हवं होतं, पण तो अधिकच गप्प झाला. आकडा चुकला असता तर तो बदलून मोकळं होता आलं असतं.

मग वहीच्या पानावर मी चौकटी आखल्या आणि आम्ही एकाच फळीवर नऊ ठिकाणी सारख्याच खोलीची खूण मारली. त्यानंतर त्याच फळीवर, त्याच क्रमानं, पुन्हा. इथं माझ्या लक्षात आलं की चूक ‘किती’ आहे याच्यापेक्षा ती ‘कशी वागते’ याला महत्त्व आहे. सगळीकडे सारखीच चूक असेल तर सुरुवातीचा शून्यच चुकलेला. जागेप्रमाणे बदलत असेल तर पाट किंवा फळी वाकडी. काम पुढे जाईल तशी वाढत असेल तर पावलं गळताहेत. आणि कसलाच नियम दिसत नसेल तर काहीतरी ढिलं आहे. दुर्दैवानं आमच्या यंत्राला यातलं एकही दुखणं वर्ज्य नव्हतं.

शून्याचा बंदोबस्त लवकर झाला. बिट लाकडाला टेकलं हे ठरवायला दादा खाली कागदाचा कपटा धरून ओढत असे. कागद अडकला की शून्य. कागदाची जाडीही साधारण ०.१ मिलिमीटर असतेच, शिवाय ‘अडकला’ म्हणजे किती अडकला हे ज्याच्या त्याच्या बोटावर. त्याऐवजी त्यानं ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा बिटाखाली ठेवून दोघांना वायर जोडली. बिट तुकड्याला टेकलं की वीज जुळते आणि यंत्र तिथंच थांबतं. तुकड्याची जाडी व्हर्निअरनं मोजून एकदा सांगितली की झालं.

जागेप्रमाणे बदलणारी चूक जास्त शिकवून गेली. डायल गाड्याला बांधून आम्ही तो पाटावरून फिरवला. मधला भाग कोपऱ्यांपेक्षा ०.६ मिलिमीटर खाली होता. म्हणजे कडेला तीन मिलिमीटर पडणारी रेषा मध्यावर जेमतेम १.८ ची व्हायची! दादानं यंत्र बसवताना पाणसळ लावून लावून पाट जमिनीला समांतर केला होता. पण जमिनीशी काय घेणं? बिट कमानीबरोबर चालतं. पाट कमानीच्या चालीला समांतर हवा. शेड खुशाल उताराला असू दे. मग पाटावर एमडीएफचा एक जादा तक्ता स्क्रूनं बसवला आणि रुंद सपाट बिट लावून तो यंत्राकडूनच वरून तासून घेतला. ज्याच्या चालीशी जुळवायचं त्याच्याच हातानं तासला, त्यामुळे फरक ०.०८ वर आला. फळी मात्र तितकीच सपाट हवी. तो भाग आबांनी आपल्याकडे घेतला. रंधा मारून फळी पाटावर ठेवायची, चारही कोपरे बोटानं दाबायचे, खडखड वाजली की पुन्हा रंधा. एमडीएफ पावसाळी हवेत फुगतो म्हणून तो तक्ता आम्ही त्या मोसमात तीनदा तासला.

आता वाढत जाणारी चूक. चाळीस भोकं एका रांगेत, प्रत्येक दोन मिलिमीटर खोल, दोन भोकांमध्ये ट्रिमर दहा मिलिमीटर वर. नव्वद अंशांच्या बिटानं प्रत्येक भोक चार मिलिमीटर रुंद पडायला हवं. मी व्हर्निअर घेऊन बसले. पहिली अकरा भोकं ४.० ची. बारावं एकदम ४.३. मग पुन्हा बराच वेळ ४.३, मग ४.६. चाळिसावं पाचाला टेकलं. हळूहळू नव्हे, पायऱ्या चढावं तसं! वाचल्यावर कारण कळलं. या मोटारीतल्या चुंबकांची मांडणी दर चार पूर्ण पावलांनी पुन्हा तशीच येते, म्हणून ती घसरते तेव्हा चार पावलांच्या गठ्ठ्यानं घसरते. आमच्या स्क्रूवर चार पूर्ण पावलं म्हणजे ०.१६ मिलिमीटर, भोकाच्या रुंदीत त्याची दुप्पट, ०.३२. पुस्तकातला आकडा लाकडावर असा हजर झालेला पाहून मला जो आनंद झाला तो परीक्षेच्या निकालानंही कधी दिलेला नाही.

पण गळलेल्या पावलांनी भोक उथळ का होत नाही, खोलच का होतं? दादानं हातानं करून दाखवलं. वर जाताना मोटारीला ट्रिमरचं वजन उचलावं लागतं, तिथं ती दमते. दहा वर जायचं तर ती ९.८४ च जाते. खाली येताना वजन मदतीलाच असतं, म्हणून दहा पूर्ण येते. प्रत्येक अशा घसरणीनंतर बिट तेवढं खालीच राहतं. उपाय अगदी साधे निघाले. वर जाण्याचा वेग निम्मा केला, एकदम हिसका न देता सावकाश वेग घ्यायला लावलं, मोटारीला वीज थोडी वाढवली, आणि सरकत्या पट्ट्यांवर भुसा नि ग्रीस यांचा जो चिखल झाला होता तो रॉकेलनं धुऊन काढला. पुढच्या चाळीस भोकांत पहिलं आणि शेवटचं सारखं आलं. दादानं ती फळी आईला नेऊन दाखवली. “भोकंच तर आहेत,” आई म्हणाली.

तरीही सागवानावर रेषा मधूनच बारीक व्हायची. गणपतीचे दिवस संपले, ३६ मधल्या नऊच पाट्या झाल्या होत्या. कारखान्यातल्या जुन्या मुकादमाला दादानं फोन केल्याचं मला त्याच्या मित्राकडून कळलं. घरात त्यानं तो विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही.

ते दुखणं आबांनी पकडलं. एवढे दिवस ते डायलकडे दुरून बघत, जवळ येत नसत. एका दुपारी यंत्र थांबलेलं असताना त्यांनी ट्रिमर खालून तळव्यानं वर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. “पोरा, हे टक करतंय बघ,” म्हणाले. दादानं दाबून पाहिलं, त्याला काही जाणवेना. डायल लावला तर ०.३. कंप असलेल्या हाताला ०.३ मिलिमीटर कळलं होतं. तीस वर्षं पटाशीचा दांडा सैल झालेला ज्याला मुठीत कळतो, त्याला आणखी काय सांगायचं?

हा ‘प्ले’ दोन ठिकाणांहून येत होता. स्क्रू आणि नट यांच्या धाग्यांत थोडी मोकळीक होती. आणि मोटार व स्क्रू जोडणारं कपलिंग नागमोडी चिरा पाडलेलं, म्हणजे जवळपास स्प्रिंगच. स्क्रूला वरून-खालून धरून ठेवणारं बेअरिंगच नव्हतं, सारा भार त्या कपलिंगला लोंबकळत होता. वजनानं ट्रिमर एरवी खालीच टेकून असायचा, म्हणून डायलच्या पहिल्या तपासणीत सगळं ठीक दिसलं. पण लाकडात गाठ आली की लाकूड बिटाला वर रेटायचं आणि मोकळीक असेल तेवढं ते वर जायचं. म्हणून गाठीवर रेषा बारीक. टर्नरकाकांनी बेअरिंगसाठी एक ठोकळा करून दिला, दादानं स्प्रिंगनं ताणलेला दुहेरी नट बसवला. ०.३ चे ०.०४ झाले.

किरकोळ गोष्टी राहिल्या होत्या त्याही निघाल्या. खोलगट जागा काढताना वापरायचं पिळाचं बिट कॉलेटमधून आपोआप खाली सरकायचं. त्याच्या पिळामुळे ते स्वतःलाच लाकडात ओढतं. दांड्यावर शाईची खूण केली तेव्हा चोरी पकडली गेली. कॉलेटमधली राळ साफ केल्यावर थांबलं. दुसरं म्हणजे, काम थांबलं की जीआरबीएल मोटारींची वीज तोडते आणि आमचा चार धाग्यांचा तिरपा स्क्रू वजनानं आपोआप फिरून ट्रिमर खाली घसरतो. एका सेटिंगचा आकडा २५ चा २५५ केला की मोटारी धरून राहतात. महावितरणची वीज गेली तर मात्र आकडा काय करणार! तेव्हा ट्रिमरखाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा आणि वीज आल्यावर शून्य नव्यानं लावायचा, असा नेम ठरला.

एवढं होऊनही अक्षरांच्या सांध्यावर शिरोरेषेत बारीकशी खाच दिसायची. संगणक प्रत्येक अक्षर त्याच्या डोक्यावरच्या तुकड्यासह सुटं काढतो. त्यामुळे बिट प्रत्येक अक्षराला उचललं जाऊन पुन्हा उतरतं, आणि जिथं दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथं दोनदा फिरतं. मला महाविद्यालयातला मोडीचा वर्ग आठवला. मोडी लिहिणारे आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेत आणि मग त्यांना अक्षरं टांगत. मी दादाला म्हटलं, आपणही तसंच करू. अक्षरांच्या डोक्यावरचे तुकडे पुसून टाकायचे, शब्दभर एकच रेषा एका दमात मारायची, आणि नंतर खाली अक्षरं. ‘भ’, ‘ध’ आले की तेवढीच तोडायची.

‘श्रमसाफल्य’वर ते करून पाहिलं. खाच गेली.

दादाला मात्र ते रुचलं नाही. “हे झाकणं झालं. ०.०४ आहे ते आहेच.” आबा हसले. “अरे, निम्मं सुतारकाम झाकायचंच असतंय. सांधा उघडा कोण ठेवतं?” यावर दोघांचा जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. मला दोघांचंही पटतं. दोष कळल्यावर झाकणं आणि न कळताच झाकणं यांत मला फरक वाटतो. पण हे बोलायला मी गेले की दोघंही मला “तू लिही” म्हणून वहीकडे पाठवतात.

३६ पाट्या दिवाळीच्या चार दिवस आधी पोचल्या. दोन परत आल्या, त्यांतल्या एकीत नावच घरमालकानं बदललं होतं. ‘साधना’ची नवी पाटी आबांनी शेवटी पटाशीचं टोक लावून ‘ध’ची फट उघडी करून दिली, यंत्रानं ती नीट सोडली असतानाही. दादा कारखान्यात गेला नाही. कर्जाचे हप्ते चालू आहेत.

आता त्याला चार धाग्यांचा स्क्रू काढून एकेरी धाग्याचा, फेऱ्याला दोनच मिलिमीटर सरकणारा बसवायचा आहे. मग एका मिलिमीटरला १६०० पावलं होतील, वीज गेली तरी ट्रिमर घसरणार नाही, पण वरखाली होण्याचा वेग पडेल. त्यासाठी वहीत नऊ चौकटींचं नवं पान आखून ठेवलं आहे. टर्नरकाकांचा डायल गेज परत करायचा राहिला आहे. त्यांनी दोनदा निरोप पाठवला.